जैबुनआपाचं चुकलेलं माप

सकाळी साडेसातची वेळ. धुळ्यात ज्या लॅबमध्ये मी रक्त काढण्याचं काम करते, तिथं उपाशीपोटी आलेल्यांची रांग लागली होती. एका आजोबांच्या दंडाला रबरी पट्टा बांधत होते, तेवढ्यात टेबलावरचा फोन थरथरला. शबानाचं नाव दिसलं. शबाना ही जैबुनआपाची भाची, एरंडोलला तिच्याजवळच राहायची. कामात फोन घ्यायचा नाही हा आमच्याकडचा नियम, पण शबाना इतक्या सकाळी उगाच फोन करणारी नाही. "ताई, आपा गेली. पहाटे नमाजाला उठली, हातपाय धुऊन वजू केलं, आणि बसल्या जागी..." मी आजोबांचा पट्टा सोडला, "बाबा, दोन मिनिटं बसा" म्हटलं आणि बाहेर जिन्यात जाऊन उभी राहिले. रडू आलं नाही. आठवलं ते एवढंच, की या बाईचे आभार मी आयुष्यात एकदाही धडपणे मानले नव्हते. ती मानूच द्यायची नाही. विषय त्या वाटेला लागला की म्हणायची, "हे राहू दे, सुईत दोरा ओवून दे. मला दिसत नाही आता."

एरंडोलला मुलींच्या शाळेच्या मागच्या गल्लीत आपाची एक खोली होती. पुढं शिलाई मशीन, मागं फुलाफुलांचा पडदा, पडद्याआड माप घ्यायची जागा. गावातल्या निम्म्या मुलींचे गणवेश तिच्या हातचे. लग्न फार लवकर मोडलं होतं, मूलबाळ नव्हतं. आपा तीन भाषा बोलायची. गिऱ्हाइकांशी अहिराणी, घरात उर्दू, आणि ज्याच्यावर चिडली असेल त्याच्याशी अगदी पुस्तकातली मराठी. तिचं बोलणं मी इथं बहुतेक साध्या मराठीतच लिहिते आहे. तिची अहिराणी कागदावर उतरवणं मला जमत नाही.

तिची एक रीत होती. माप घेण्याआधी ती प्रत्येक मुलीला विचारायची, "टेप लावू का?" आम्ही सगळ्या पाचवी-सहावीच्या. आम्हाला असं कोण विचारतं? घरात केस ओढून वेणी घालतात, कान धरून उभं करतात, पाहुणे गाल ओढतात. मुली लाजून हो म्हणायच्या. मग आपा म्हणायची, "असं नाही. आधी एकदा नाही म्हण. जोरात म्हण." मुलगी हसत हसत "नाही" म्हणायची आणि आपा टेप मागं घेऊन हात पदराखाली लपवायची. "बघ, थांबले की नाही? कोणीही असो, तू नाही म्हटलंस की त्यानं थांबायचं. नाही थांबला तर मला येऊन सांगायचं." आम्हाला तो खेळ वाटायचा. गणवेशापेक्षा त्या खेळासाठीच मुली तिच्याकडे जायला उत्सुक असायच्या.

मी पाचवीत गेले तेव्हा आईबरोबर पहिल्यांदा तिथं गेले. माझे वडील हायस्कूलमध्ये गणित शिकवायचे. गावात त्यांना गुरुजी म्हणत, रस्त्यात माणसं सायकलवरून उतरून नमस्कार करत. आवाज कधी चढायचा नाही. घरातही चढायचा नाही. माझं गणित चुकलं की ते शांतपणे उठायचे, दार लावायचे आणि लाकडी पट्टी घ्यायचे. मारून झाल्यावर कधी कधी मागच्या सामानाच्या खोलीत ठेवायचे, आणि "उद्यापर्यंत हिला जेवण नाही" असं आईला सांगायचे. आई चुलीपाशी भिंतीकडे तोंड करून बसायची. हे असं का, हा प्रश्न मला पडलेला आठवत नाही. मी गणितात कच्ची होते, एवढंच मला ठाऊक होतं.

त्या दिवशी पडद्याआड आपानं विचारलं, मी "नाही" म्हटलं, मग "हो" म्हटलं. ती म्हणाली, "हात वर कर बेटा." डावा हात खांद्याच्या वर जाईना. आपानं टेप खाली ठेवला. कोणी मारलं, का मारलं, काही विचारलं नाही. फक्त म्हणाली, "दुखस का?" मी मान हलवली. तिनं माझ्या परवानगीनं बाही वर सरकवली, पाठ बघितली, पोटऱ्या बघितल्या, आणि बराच वेळ तशीच उकिडवी बसून राहिली. नंतर कितीतरी वर्षांनी तिनं मला सांगितलं, की तिला भीती वाटली ती वळांची नव्हे. वळ तिनं आधीही पाहिले होते. तिला भीती वाटली ती त्यांच्या जागेची. एकही वळ बाहीच्या बाहेर नव्हता, एकही स्कर्टच्या खाली उतरलेला नव्हता. "ज्यानं मारलं त्याला गणवेशाचं माप माहीत होतं गं," ती म्हणाली. "माझ्याइतकंच."

बाहेर येऊन तिनं आईला शनिवारी यायला सांगितलं. शनिवारी गणवेश घालून बघितला तर खांदे उतरत होते. "माप चुकनं व बाई," आपा आईला म्हणाली, "पुढच्या शनवारले पोरले परत धाड." पुढच्या शनिवारी बाह्या घट्ट झाल्या. त्याच्या पुढच्या शनिवारी कंबर. मग दुसऱ्या जोडाचं माप, मग त्यातली चूक. मी आपली जुना फ्रॉक घालून शाळेत जात होते आणि दर शनिवारी दुपारी एकटी आपाकडे. शाळेतल्या बाईंनीही मला गणवेशावरून कधी टोकलं नाही. आपा माझ्यासमोर भाकरी आणि मिरचीची भाजी ठेवायची, मी जेवायचे, ती मशीन चालवायची. कधी मी काही बोलायचे, कधी नाही. मी बोलायला लागले की मशीन मात्र थांबायचं.

असे चार महिने गेले. त्या काळात गावात बोललं जाऊ लागलं, की जैबुनचा हात गेला, तिला आता माप येत नाही. वडील घरी म्हणायचे, "त्या बाईला टेप धरता येत नाही, आणि लोक तिच्याकडे मुली पाठवतात." दोन-तीन घरांनी गणवेश दुसरीकडे टाकले. जिचं माप आयुष्यात कधी सुताइतकं चुकलं नव्हतं, ती बाई एका पोरीपायी चार महिने गावभर चुकत राहिली, आणि कोणाला एका शब्दानं काही सांगितलं नाही. आज मी तिच्या त्या वेळच्या वयाच्या जवळ आले आहे. आपल्या हातच्या कामाला कोणी नावं ठेवली तर जिवाला काय होतं ते मला कळतं.

एका शनिवारी वडील स्वतः आले. आपानंच निरोप धाडला होता, गुरुजींना म्हणावं एकदा समोर येऊन बघून जा. मी पडद्याआड होते. पडद्याखालून मला त्यांच्या चपला दिसत होत्या, आणि कडेच्या फटीतून आपा आणि दारं. आपा बोलली ती पुस्तकी मराठी. "बसा गुरुजी. आपल्या कन्येच्या गणवेशाविषयी बोलायचं आहे."

"चार महिने माप चुकतंय तुमचं."

"माप एकदाही चुकलेलं नाही. माझंही नाही, तुमचंही नाही. या मुलीच्या अंगावर जे वळ आहेत, ते गणवेशाच्या आत मोजून बसवलेले आहेत."

वडील उठले असावेत, कारण चपला हलल्या. मग थांबल्या. बाजूच्या दारातून आमच्या शाळेच्या मोठ्या बाई आत आल्या होत्या. त्यांच्यामागं दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई, ज्यांनी आधीच्याच आठवड्यात मला तपासून कागद केला होता. आणि त्यांच्यामागं चाळीसगावहून सकाळच्या गाडीनं आलेला माझा मामा. आपा बसून राहिली होती. तिनं मशीनवरचा हातसुद्धा उचलला नव्हता.

"माझी मुलगी आहे ती," वडील म्हणाले. त्यांचा आवाज त्या दिवशीही चढला नाही.

"म्हणूनच आधी तुम्हाला सांगितलं," आपा म्हणाली. "पोलिसांत आता जाणार आहोत."

तेवढ्यात मला आईचा आवाज आला. ती केव्हा आली होती मला माहीत नाही, दाराबाहेर उभी होती, हातात माझ्या कपड्यांची पिशवी होती. आई घरात बोलायचीच फार कमी, आणि वडिलांसमोर अहिराणी तर कधीच नाही. त्यांना ते गावंढळ वाटायचं. ती अहिराणीत बोलली. "बठ्ठं खरं शे," ती म्हणाली. "मी बठ्ठं देखेल शे." एवढंच. पण मी ते ऐकलं आणि पडद्याआड खाली बसले. इतके दिवस भिंतीकडे तोंड करून बसणारी माझी आई सगळं बघत होती, आणि ते तिनं चारचौघांत कबूल केलं...

तक्रार लिहून झाली. संध्याकाळी आम्ही मायलेकी मामाबरोबर चाळीसगावला गेलो, आणि त्या घरात पुन्हा पाय ठेवला नाही. प्रकरण बरंच रेंगाळलं, शेवटी वडिलांची बदली झाली, गाव काही दिवस बोलत राहिलं आणि मग दुसऱ्या विषयाकडे वळलं. मोठा न्याय झाला असं मी म्हणणार नाही. पण पट्टी थांबली.

मार थांबला म्हणून मी लगेच बरी झाले नाही. मामाच्या घरात कोणी दार लावलं की मी ताटावरून उठून कोपऱ्यात जायचे. वहीवर आकडे दिसले की घाम फुटायचा. मामी चांगली होती, तिनं कधी घाई केली नाही. आणि दर वर्षी शाळा उघडायच्या आधी आपा एरंडोलहून बस धरून चाळीसगावला यायची, माझं माप घ्यायला. तिथं शिंपी नव्हते असं नाही. दर वर्षी तेच, "टेप लावू का? आधी नाही म्हण." आठवीत असताना मी एकदा "नाही" म्हटलं ते खरोखरीचं. का ते मलाही सांगता येणार नाही, त्या दिवशी कोणाचाच हात नको होता. आपानं टेप गुंडाळला, चहा प्यायली, मामीशी गप्पा मारल्या आणि परतीची बस धरली. पुढच्या आठवड्यात पुन्हा आली. तो सबंध रस्ता ती दोनदा आली-गेली आणि चेहऱ्यावर त्याचं काही नव्हतं. माझ्या नाहीला किंमत आहे हे मला कुठल्या पुस्तकातून कळलं नाही. त्या दिवशी कळलं.

मग मी शिकले, धुळ्याला नोकरी लागली, लग्न झालं, मुलगी झाली. सगळं मागं पडलं असं धरून चालले होते. मुलगी सहा वर्षांची असताना एकदा पाढे म्हणता म्हणता अडखळली, आणि माझा हात उठला. एकदाच. गालावर. ती रडली नाही, ती एकदम शांत झाली, आणि ती शांतता माझ्या ओळखीची होती. दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी एरंडोल गाठलं. आपाच्या समोर बसून सांगितलं, "मी त्यांच्यासारखीच आहे."

आपानं मशीन थांबवलं. "ते कधी कोणाकडे असं सांगायला गेले होते का?" तिनं विचारलं. मग मी कधीच न ऐकलेलं सांगायला लागली. तिची आई वारल्यावर तिला आठव्या वर्षी भुसावळला एका नातेवाइकांकडे कामाला ठेवलं होतं. तिथं तिच्या वाट्याला तापलेला चिमटा होता आणि उरलंसुरलं अन्न होतं. पाच वर्षं. त्या घरात रोज माणसं यायची, शेजारणी यायच्या, दूधवाला यायचा. "सगळ्यांना दिसत होतं. मला काही फार नको होतं गं. कोणीतरी विचारायला हवं होतं, दुखतं का म्हणून. तेवढंच." तिनं बाही वर केली नाही, दाखवलं काही नाही. मला म्हणाली, "आता घरी जा. पोरीसमोर खाली बस, तिच्या उंचीला ये, आणि माफी माग. 'तू असं केलंस म्हणून' असं मध्ये आणू नको. नुसती माग. आणि पाढे तिला दुसऱ्या कोणाला तरी घेऊ दे." मी तसंच केलं. पाढे तिचे बाबा घेतात. माझी मुलगी आता चौदा वर्षांची आहे आणि माझ्याशी कडाकडा भांडते. ती भांडत असते आणि मला मनातून फार बरं वाटतं.

वडील शेवटच्या आजारात होते तेव्हा नातेवाइकांचे फोन येत होते, काही झालं तरी बाप आहे, जाऊन ये, मोठं मन कर. मी आपाला विचारलं. ती म्हणाली, "जावंसं वाटलं तर जा. नाही वाटलं तर नको जाऊ. कोणी विचारलं तर सांग, जैबुननं अडवलं." मी गेले नाही. त्याचं मला आजवर ओझं वाटलेलं नाही.

मात्र एक प्रश्न मनात होता आणि तो मी एकदाच तिला विचारला. "पहिल्याच दिवशी तुला कळलं होतं, मग चार महिने का थांबलीस? त्या चार महिन्यांतही मला मार पडतच होता." हे विचारताना माझ्या आवाजात राग होता, तो लपला नाही. आपा खाली मान घालून टाके उसवत राहिली. मला वाटलं, दुखावली. पुन्हा विषय काढला नाही.

दोन वर्षांपूर्वी लॅबमध्ये एक सहा वर्षांची मुलगी रक्त द्यायला आली. बाही वर केली आणि मला कळलं. बाजूला जाऊन आपाला फोन लावला. ती ओरडलीच, "घरी जाऊ नको त्यांच्या! कोणाला जाब विचारू नको! आधी डॉक्टरला सांग, मुलांच्या मदतीच्या नंबरला फोन कर, माणसं जमव. पोर सुरक्षित जागी जाईपर्यंत तोंड उघडू नको." एरवी कधी न चढणारा तिचा आवाज तेव्हा एवढा का चढला, ते मला उमगलं नाही. मी तिनं सांगितलं तसं केलं. ती मुलगी आता तिच्या आजीकडे आहे.

आपाच्या चाळिसाव्या दिवसाला मी एरंडोलला गेले. दुपारी नियाजचं जेवण झालं, पुरुषमाणसं गेली, आणि त्या खोलीत आम्ही पाच-सहा बायका उरलो. कोणी जळगावची, कोणी धरणगावकडची, एक तर अजून कॉलेजात शिकणारी. एकमेकींना ओळखत नव्हतो. तुम्ही आपाला कशा ओळखता, असं कोणी कोणाला विचारलं नाही. मला आजवर वाटायचं की आपानं हे एवढं केलं ते फक्त माझ्यासाठी. त्यांच्या चेहऱ्यांकडे बघून कळलं, की प्रत्येकीला तेच वाटत होतं.

त्यांत सुमनअक्का होत्या. पन्नाशीच्या, पांढरे केस, अंगावर साधी सुती साडी. त्या म्हणाल्या, "तुम्हा सगळ्यांच्या वेळी आपा जिंकली. माझ्या वेळी हरली." मग त्यांनी सांगितलं. त्या बारा वर्षांच्या असताना त्यांच्या चुलत्याचं वागणं त्यांनी पडद्याआड आपाला सांगितलं होतं. त्यांनी सर्वांत आधी आपालाच सांगितलं. आपा तेव्हा तरुण होती. तशीच तडक उठून त्यांच्या घरी गेली आणि अंगणात उभी राहून चुलत्याला बोलली. एकटी. दुसऱ्या दिवसापासून सुमनअक्कांची शाळा बंद झाली. घरात पोरीलाच खोटारडी ठरवलं. वर्षाच्या आत त्यांचं लग्न लावून दूरच्या खेड्यात देऊन टाकलं.

"सहा वर्षांनी आपानं मला शोधून काढलं," सुमनअक्का म्हणाल्या. "मी दार लावून घेतलं. पुढच्या वर्षी परत आली, परत लावलं. तिसऱ्या वर्षी उघडलं. तिनं उंबऱ्याबाहेर उभं राहून माफी मागितली. चुलत्यानं मागितली नाही, आईनं मागितली नाही. मागितली ती हिनं. म्हणाली, मी घाई केली, तुझी शाळा माझ्यामुळे गेली. मग तिनंच मला शिवण शिकवलं. माझ्या दोन्ही पोरी त्याच्यावर शिकल्या."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. चार महिने का थांबलीस, या माझ्या प्रश्नाचं उत्तर समोर बसलं होतं. आपा माझ्या वेळी माणसं जमवत बसली, कारण सुमनअक्कांच्या वेळी ती एकटी गेली होती. आणि हे तिनं मला सांगितलं नाही, कारण ती गोष्ट तिची नव्हती, सुमनअक्कांची होती. माझा राग तिनं ऐकून घेतला, पण दुसरीची गोष्ट उघडी केली नाही. मी सुमनअक्कांना म्हटलं, "तुमच्यामुळे मी वाचले." त्यांनी माझा हात धरला. "मला माहीत नव्हतं गं," म्हणाल्या, "पण बरं झालं."

तेवढ्यात शबानानं चहा आणला आणि कोपऱ्यातल्या गठ्ठ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "शाळा उघडायला चार दिवस राहिलेत. आपानं कापून ठेवलेले गणवेश तसेच पडलेत. मला एकटीला होत नाही." आम्ही एकमेकींकडे बघितलं. धरणगावकडच्या बाईंनी पदर खोचला. कॉलेजातली मुलगी बटणांचा डबा घेऊन बसली. मी तिच्या शेजारी सुईदोरा घेऊन. सुमनअक्का मशीनवर बसल्या. खोलीत पुन्हा मशीनचा आवाज सुरू झाला.

मध्येच सुमनअक्का थांबल्या. हातातला निळा स्कर्ट उलटा करून खालची कड बघत होत्या. शबानाला वाटलं, कापण्यात चूक झाली. "कापड जास्त आहे का अक्का? कापून टाकू?"

"नको," सुमनअक्का म्हणाल्या. "आपा नेहमी खाली एवढं ठेवायची. वर्षभरात पोर वाढते ना." त्यांनी चार बोटं लावून कड मोजली, आत दुमडली, आणि पुन्हा मशीन सुरू केलं.